माझी जाऊ जिज्ञासा ऊर्फ किर्ती

माझी धाकटी जाऊ विमानं दुरुस्त करते. हे कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आणि तुम्ही?" मी म्हणते, मी ब्लाउज शिवते. मग समोरची बाई घाईघाईने म्हणते, "तेही काही सोपं नसतं हो." त्या 'तेही'ने माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सोपं नसतं हे मला ठाऊक आहे, मी शिवते ना! समजूत घालायला कुणी सांगितलं होतं?

तर ही जाऊ, जिज्ञासा. तिच्याबद्दल सांगायला बसलेच आहे तर एक गोष्ट आधीच बोलून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी तिच्यावर जळते. ती घरात आली त्या दिवसापासून जळते आणि हे लिहितानाही जळतेय.

आम्ही चिखलोलीचे भोईर. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं गाव. माझे सासरे अनंता भोईर जिथे भात लावायचे तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि सगळा गाव नव्या स्टेशनची वाट बघत बसलाय. सासरे गेले. घरात सासूबाई ठमाबाई, माझा नवरा हरिचंद्र, ज्याचे पाण्याचे टँकर आहेत, आणि मी. वरच्या मजल्यावर धाकटा दीर हितेश, जो अंबरनाथच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे, आणि त्याची ही बायको. चूल एकच, खालची. म्हणजे माझी.

जिज्ञासा पनवेलकडची, मढवींची. तिच्या वडिलांची जमीन विमानतळात गेली. बाकीच्यांनी त्या पैशातून गाड्या घेतल्या, बंगले बांधले, हळदीला चार-चार डीजे लावले. हिच्या बापाच्या डोक्यात वेगळंच शिरलं. आपल्या शेतावरून विमानं उडणार तर त्यात आपलंही कुणीतरी असावं, असं म्हणून त्याने पोरीला विमान दुरुस्तीच्या कॉलेजात घातलं. मला हे कळलं तेव्हा मी तिच्यापेक्षा तिच्या बापावर जास्त जळले. माझे वडील वाईट नव्हते, पण माझ्यासाठी त्यांच्या डोक्यात असलं काही कधी शिरलं नाही. मी शाळेत असताना कबड्डीत ठाणे जिल्ह्याच्या संघात होते. मी चढाईला निघाले की बाहेरून पोरी माझ्या नावाने ओरडायच्या. मला पोलीस भरतीला उतरायचं होतं. वडील म्हणाले, स्थळ चांगलं आहे. संपलं.

जिज्ञासाचं काम कसलं, ते मला समजायलाच वर्ष गेलं. आधी मला वाटायचं ही विमानात बसून कुठेतरी जाते. ती कुठेही जात नाही. हितेश तिला बाइकवरून काटई नाक्याला सोडतो, तिथून कंपनीची गाडी तिला मुंबईच्या विमानतळावरच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, नेते. ब्रेक, चाकं, इंजिन, वायरी, सगळं बघायचं, खोलायचं, जोडायचं. आणि शेवटी सही करायची. लायसन्स असलेल्या इंजिनियरने सही केल्याशिवाय विमान जमिनीवरून हलत नाही. ती सही आमच्या घरची ही पोर करते आणि मग दोनशे माणसं आकाशात जातात. माझी सही घरी कुरियरवाला आला की लागते.

कामावर जाताना तिला अंगावर काहीही घालता येत नाही. अंगठी कशात अडकली तर बोट जातं, आणि केसातली पिन जरी इंजिनात पडली तरी गोंधळ. म्हणून रोज निघताना ती बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र उतरवून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात ठेवते. लग्नानंतर पहिल्यांदा तिने ते केलं तेव्हा मी श्वास रोखून सासूबाईंकडे बघत बसले. म्हटलं, आता बघा गंमत. मी एकदा तापात मंगळसूत्र उशाखाली ठेवलं होतं तर या बाईने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. पण ठमाबाई चहाचा घोट घेऊन एवढंच म्हणाल्या, "डब्याला झाकान घट लाव गो, मुंग्या लागतान." मंगळसूत्राला मुंग्या! मी भांडी आपटायला लागले तर मलाच विचारलं, तुला काय झालं.

घरातही तिची हँगरची सवय सुटत नाही. तिकडे हत्यारांची पाटी असते, प्रत्येक पान्याची जागा त्याच्याच आकारात रंगवलेली. काम संपलं की पाटी भरलेली दिसली पाहिजे. रिकामी जागा दिसली की विमान थांबवून शोधायचं. तिने माझ्या शिलाईच्या कात्र्यांसाठी अशीच पाटी करून भिंतीला लावली. मला न विचारता. खरं सांगायचं तर त्याने माझं फार सोयीचं झालं, आणि म्हणूनच मी महिनाभर त्यावर कात्री मुद्दाम उलटी टांगत होते.

परदेशाचं खूळ आलं ते तिच्या कॉलेजातल्या वैदेहीमुळे. ही वैदेही आयर्लंडला गेली आणि तिथून फोटो टाकायला लागली. एका फोटोत ती विमानाच्या इंजिनाच्या तोंडात ताठ उभी होती, आणि तरी वर जागा उरली होती. जिज्ञासाने तो फोटो मला दाखवला.

"एवढी मोठी विमानं मला इथे हात लावायला मिळत नाहीत, ताई," ती म्हणाली. "आमच्याकडे तीच छोटी, रोज तीच."

बोलताना तिची नजर फोटोवरून हटत नव्हती. ती नजर मी ओळखली. म्हटलं, चला, हिलाही कुणावर तरी जळता येतं तर. मला जरा हलकं वाटलं.

मग अर्ज सुरू झाले. जर्मनी, कॅनडा, दुबई, आयर्लंड. जेवण झालं की ती जिन्यात लॅपटॉप घेऊन बसायची, कारण वर नेटवर्क नीट येत नाही. उत्तरं यायची ती सगळी एकाच चालीवर: तुम्ही परदेशात शिकलेल्या आहात, आमच्याकडे तुमचं लायसन्स चालणार नाही. एकदा तिने मला ते मराठीत करून सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. परदेशात शिकलेली म्हणे! पनवेलला परदेश म्हणतात ते लोक.

तीही हसली. मग म्हणाली, तिकडे गेल्यावर सुरुवातीला सही करायला मिळणार नाही. मेकॅनिक म्हणून घेतील. दुसऱ्याने सांगितलेलं काम करायचं, त्यांचे पेपर द्यायचे, मग कधीतरी सही. तिकडचे काही पेपर तिने इथूनच दिले होते आणि पास झाली होती. बाकीचे तिथे जाऊन.

"म्हणजे इथे साहेब आणि तिथे हेल्पर?" मी विचारलं.

"तसंच समजा."

"आणि तरी जायचंय?"

"तरी जायचंय."

तिची सही जाणार हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. पण तिलाच त्याचं काही वाटत नाही म्हटल्यावर त्या बरं वाटण्यात मजा राहिली नाही.

हितेशची काही हरकत नव्हती. आधी ती जाईल, जम बसला की तो जाणार. सासूबाईंना वाटत होतं, हे सगळं बोलणंच आहे. आणि मग आयर्लंडच्या एका कंपनीने व्हिडिओवर मुलाखत ठेवली.

मुलाखत माझ्या शिलाईच्या खोलीत झाली, कारण घरात तेवढीच जागा उजेडाची. मी मशीन बाजूला सरकवलं, पंखा बंद केला, मागच्या दोरीवरचे ब्लाउज काढले, आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशी कोपऱ्यात बसून राहिले. जायला सांगितलं असतं तरी गेले नसते. पलीकडे एक टकलू साहेब आणि एक गोरी बाई. माझं इंग्रजी बारावीचं, पण त्यांनी इतकं सावकाश विचारलं की बरंचसं कळलं.

टकलूने विचारलं, काम संपलंय, विमान निघायची वेळ झालीय, आणि पाटीवर एका पान्याची जागा रिकामी दिसतेय. काय करशील?

"विमान थांबवीन."

पायलट ओरडतोय.

"ओरडू दे."

तुझा वरिष्ठ सांगतोय, सोड.

"मग त्याने सही करावी. मी करणार नाही."

टकलू हसला. मी या घरात वीस-बावीस वर्षं आहे. 'मी करणार नाही' हे तीन शब्द मी एकदाही, साध्या पापडाच्या पिठाबद्दलसुद्धा, म्हटलेले नाहीत. ही पोर चक्क खुर्चीत बसून सातासमुद्रापलीकडच्या माणसाला ते ऐकवत होती, आणि तो खूष होत होता. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

मग त्या बाईने हातातले कागद वर-खाली केले आणि म्हणाली, लायसन्सवर जिज्ञासा मढवी आहे. परीक्षाही जिज्ञासा मढवीने दिल्यात. पासपोर्ट मात्र किर्ती भोईर हिचा आहे. ही किर्ती कोण?

"मीच," जिज्ञासा म्हणाली.

आणि जिज्ञासा?

"तीही मीच. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात."

आडनाव ना?

"नाही. नावही."

त्या बाईने हातातले कागद खाली ठेवले. मग तिने विचारलं, "तुम्ही मागितलं होतं का?"

माझ्या जावेने, जिच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं तिने, आधी कोपऱ्यात माझ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

नोकरी मिळाली. पण त्या बाईने स्वच्छ सांगितलं: तुम्ही दुसऱ्या बाईचं लायसन्स वापरत नाही आहात हे आम्हाला कागदावर दिसलं पाहिजे. पासपोर्ट आणि लायसन्स एकाच नावाचं करा आणि महिनाअखेरपर्यंत पाठवा. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला जाईल.

आता या नावाचं सांगते. आमच्याकडे लग्न लागलं की नवरा ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते नाव सगळ्यांना सांगायचं, पेढे वाटायचे. हितेशच्या लग्नात ते ताट मीच धरलं होतं. किर्ती हे नाव सासूबाईंनी ठरवलेलं, जिज्ञासा हे नाव शेजारणींना सांगताना धाप लागते म्हणून. हितेशने लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ही लाजली. पुढे दोघांना बालीला फिरायला जायचं होतं तेव्हा हितेशने एजंट गाठून तिचा पासपोर्ट काढला, आणि नवी नवरी म्हणजे नवं नाव, यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही. तिलाही नाही. ती तेव्हा हँगरमध्ये जिज्ञासा होती आणि घरात किर्ती, आणि दोन्हीकडे हाकेला ओ देत होती. मी मात्र तिला पहिल्यापासून जिज्ञासाच म्हणते. प्रेमाने नव्हे. सासूबाईंनी ठेवलेलं नाव घ्यायचं माझ्या जिवावर यायचं, एवढंच.

माझंही नाव असंच गेलं. मी माहेरची कुंदा. पण नवऱ्याच्या चुलतीचं नाव कुंदा, आणि थोरल्या बाईच्या नावाची सून घरात कशी हाकारणार? मला तुळशी केलं. ती चुलती माझ्या लग्नानंतर दोन वर्षांत वारली. माझं नाव काही कुणी परत आणून दिलं नाही.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये रोचलानी वकील आहेत, हरिचंद्रच्या टँकरची कागदपत्रं तेच करतात. हितेश आणि जिज्ञासा त्यांच्याकडे गेले. त्यांनी सांगितलं, लायसन्सवर किर्ती करत बसलात तर तिकडच्या परीक्षांचे कागदही बदलावे लागतील, वर्ष जाईल. पासपोर्टवर जिज्ञासा करणं सोपं. प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहिरात द्या, राजपत्रात छापून घ्या, मग तत्काळमध्ये पासपोर्ट. प्रतिज्ञापत्रावर दोन माणसं साक्षीला हवीत, जी तिला दोन्ही नावांनी ओळखतात. सासरची असतील तर उत्तम, म्हणजे पुढे कुणी शंका काढणार नाही.

सासरची दोन माणसं म्हणजे सासूबाई आणि मी; नवऱ्याची साक्ष चालत नव्हती, आणि हरिचंद्र आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता.

ठमाबाईंनी ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "तांदलान लिवलेला नाव कवा पुसतान का गो? पोराचे जिवाला लागंल."

"आई, तसं काही नसतं," हितेश म्हणाला.

"तुना काय म्हाईत? एक नाव बदलला तं मानूस मरतं का? आमी मेलो का?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "मोठी बोलंल तसा करा. तिना पटत आसंल तं मी अंगठा देन. नाय तं नाय."

हे म्हणजे चेंडू अलगद माझ्या ओटीत टाकणं झालं. सासूबाईंना माझं मन पक्कं ठाऊक होतं. ही काही हो म्हणायची नाही, आणि वाईटपणा हिच्या माथी जाईल, असा तो हिशेब.

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

आणि मी तो विचार चांगला सावकाश केला. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला फार सुख लागलं. हितेश माझ्यासाठी बदलापूरहून आवडीचे सुके बोंबील घेऊन आला. जिज्ञासा सुट्टीच्या दिवशी न सांगता भाजी निवडायला बसली. हरिचंद्रने मला विचारलं की तुझं काय मत. बावीस वर्षांत पहिल्यांदा! मी पदर सारखा करून म्हटलं, बघू.

दुसरीकडे मी हिशेबही मांडत होते. ती गेली की वर्षभरात हितेश जाणार. मग सासूबाईंचे गुडघे, त्यांच्या गोळ्या, पाहुणे, सणवार, सगळं माझ्या एकटीच्या अंगावर. आणि वर येणारी जाणारी प्रत्येक बाई मला विचारणार, "किर्तीचा फोन आला का?" मी चहा करत करत सांगणार, आला. हे सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं आणि राग राग येत होता.

भाजी निवडता निवडता जिज्ञासाने एकदम विचारलं, "ताई, तुम्ही माझ्यावर जळता ना?"

मी मेथीची जुडी खाली ठेवली. "हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मला वाटलंच."

"मग वाटलं तर विचारलंस कशाला?"

"मीपण तुमच्यावर जळते," ती म्हणाली. "आई माझ्या हातचा चहा अर्धा ठेवतात. तुमच्या हातचा संपवतात. मी ताप आल्यावर झोपले तर मला कुणी उठवत नाही, पण कुणी जवळही येत नाही. तुम्हाला घरात सगळे ओरडतात. मला पाहुण्यासारखं वागवतात."

माझ्यावर कुणी जळू शकतं हे मला नवीन होतं. खरं सांगते, मला ते फार आवडलं.

"आणि नाव?" मी विचारलं. "किर्ती नको झालंय का तुला?"

तिने मेथीची काडी मोडली. "आधी काही वाटत नव्हतं. त्या बाईने विचारलं ना, तुम्ही मागितलं होतं का. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. नोकरी राहू दे ताई, पण मला आता ते नाव हवंय."

हेच ऐकायला मी थांबले होते की काय कोण जाणे. हिला हवंय, आणि ती तोंडाने म्हणतेय, हवंय. आणि ते तिला मिळण्यासारखं आहे! माझ्या आत असा जाळ उठला की मी तशीच उठून सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्यात दयामाया काही नव्हती. हिचं थांबवून मला माझं मिळणार नव्हतं. पण हिला मिळालं तर मला मागायला तोंड राहील, हे त्या जाळात मला लख्ख दिसलं.

"आई, मला पटतंय," मी म्हटलं. "पासपोर्टवर काहीही लिहू देत. घरात तुम्ही किर्तीच म्हणा."

ठमाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा अंदाज चुकला होता. "मी जिती हाय तवर किर्तीच बोलनार," त्या म्हणाल्या.

"बोला."

"मंग उद्या रिक्षा बोलव. माजे गुडघं चढतान का बग तो जिना."

रोचलानींचं ऑफिस कापडाच्या दुकानावर, जिना अरुंद. सासूबाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने जिज्ञासाचा खांदा धरून चढल्या. मागून मी त्यांची पिशवी घेऊन. दुकानातला माणूस गठ्ठे उतरवायचं थांबून आमच्याकडे बघत होता.

"आओ भाभीजी, आओ अम्मा," वकिलांनी खुर्च्या पुढे केल्या. जिज्ञासाचं प्रतिज्ञापत्र छापून तयार होतं. त्यांनी ते मराठीत वाचून दाखवलं: मी किर्ती हितेश भोईर, लग्नापूर्वीची जिज्ञासा मढवी, यापुढे जिज्ञासा भोईर या नावाने ओळखली जाईन. लायसन्सवरचं मढवी आडनाव लग्नाच्या दाखल्याने जुळेल, नावाचं या कागदाने. जिज्ञासाने सही केली. तिची सही मी पहिल्यांदाच बघितली. झरझर, न थांबता, रोज शंभरदा केल्यासारखी.

साक्षीदार म्हणून मी पेन घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "माझंही करायचंय."

"क्या?"

"हेच. तुळशी काढायचं आणि कुंदा करायचं."

जिज्ञासाने वळून पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं नाही. रोचलानींनी चष्मा काढला. "भाभीजी, आपको क्यों चाहिए? तुम्हाला कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"मग खर्च कशाला? पासपोर्ट आहे तुमचा?"

"नाही. जिला विमानात बसायचंय तिलाच नाव परत मिळतं का?" माझा आवाज चढला होता आणि तो मला खाली घेता येईना. "हिला मिळतंय तर मलाही पाहिजे. हिच्यावर जळून मागतेय असं समजा. पण पाहिजे."

वकील गोंधळले, मग हसले. माणूस चांगला आहे. "ठीक आहे, करू. दोन साक्षीदार लागतील. तुम्हाला कुंदा म्हणून ओळखणारे."

"एक माझा भाऊ. बदलापूरला असतो, उद्या येईल. आणि एक..." मी सासूबाईंकडे पाहिलं. "आई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी कुंदा म्हणूनच हाक मारली होती."

ठमाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, आता उठतील आणि भर ऑफिसात माझा उद्धार करतील. त्यांनी फक्त पदर डोक्यावर ओढला. रोचलानींनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "फिर अम्मा का भी कर देता हूँ. आज तिघींचं एकदम!"

जिज्ञासा हसली, मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

"मना काय लागंल?" त्यांनी विचारलं.

वकिलांना वाटलं गंमत चाललीय. "तेच अम्मा. दोन माणसं. तुमच्या माहेरच्या नावाने तुम्हाला ओळखणारी."

सासूबाईंचं लग्न त्या पोर असताना झालेलं. माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. तिकडे जाणं-येणं भाऊ होते तोवरच होतं. त्यांनी अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला. ओठ हलले. अंगठा पुढच्या पेरावर गेला, मग तिसऱ्या, मग पुढच्या बोटावर. आम्ही तिघं बघत राहिलो. बोटं संपली तशी त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"कोन नाय रायला," त्या म्हणाल्या.

"आई, काय नाव होतं?" मी विचारलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

"सांगून काय करू? वलखनारा कोन हाय?" त्यांनी एकदा जिज्ञासाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमचा बरा हाय गो."

त्या आवाजाची मला पक्की ओळख होती. तो रोज माझ्याच पोटातून येतो. तांदळाचं, मुलाच्या जिवाचं, सगळं निमित्त होतं. ही बाई आमच्यावर जळत होती, आमच्या दोघींपेक्षा किती तरी आधीपासून, आणि तिच्याजवळ मागायलाही काही उरलं नव्हतं.

जिज्ञासाने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. त्यांनी तो झटकला. वकिलांनी शाईचं पॅड सरकवलं. जिज्ञासाच्या कागदावर मी साक्षीची सही केली आणि सासूबाईंनी अंगठा दिला. माझा कागद अजून छापलाही नव्हता, तर त्या म्हणाल्या, "हिचा बी आन. मी परत जिना चढनार नाय." रोचलानींनी समोर बसून तो तयार केला. त्यावरही सासूबाईंनी अंगठा दिला, नीट दाबून.

मग दोन्ही अंगठ्यांखाली वकिलांनी पेनने लिहिलं: ठमाबाई अनंता भोईर.